१३ नियमांत प्रशिक्षक नव्हता : बास्केटबॉल शिकवणाऱ्यांना खुले पत्र

सर्व प्रशिक्षक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी शालेय गटांच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. आपल्यापैकी कित्येकांशी मैदानावर बोलणे झाले आहे, क्वचित वादही झाले आहेत. हे पत्र त्या वादांबद्दल नाही. मागच्या हंगामात एक सामना पाहिला, तो काही केल्या मनातून जात नाही. हा खेळ ज्यांनी शोधला त्या गृहस्थांची गोष्ट त्याला येऊन भिडते, म्हणून लिहायला बसले.

लहान मुलींचा सामना होता. दोन गुणांचा फरक, अर्धे मिनिट बाकी. एका मुलीने ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणे, थांबवून चेंडू हातात घेतला. समोर बचाव करणारी मुलगी हात पसरून अगदी अंगाशी आलेली. डावीकडे तिची जोडीदार एकटी, हात वर करून उभी. अशा वेळी चेंडू धरून राहायला पाच सेकंदच मिळतात. मी त्यांची मोजणी सुरू केली, हाताच्या झटक्याने एकेक सेकंद दाखवत. एक, दोन. मुलीने बास्केटकडे पाहिले नाही, जोडीदाराकडेही नाही. तिने मान वळवून बाकड्याकडे पाहिले. तिथून तिचे सर ओरडत होते, ‘‘पास दे, पास!’’ त्यांच्या मागून दुसरे कोणी ओरडत होते, ‘‘अगं मार ना!’’ तीन, चार. चेंडू छातीशी धरून ती ऐकत राहिली. पाच झाले आणि मला शिट्टी वाजवावी लागली.

चेंडू समोरच्या संघाकडे देताना मी तिचा चेहरा पाहिला. चुकले म्हणून वाईट वाटल्याचे त्यावर काही दिसत नव्हते. तिने अजून काही ठरवलेच नव्हते, मग चुकणार तरी काय? आणि बाकड्यावरून तिला बोलणी बसायला सुरुवात झाली होती.

जेम्स नायस्मिथ हे नाव आपणा सर्वांना पाठ आहे. परीक्षेत तो एका गुणाचा प्रश्न असतो. शोध कोणी लावला, कोणत्या साली, कुठे. १८९१, स्प्रिंगफील्ड, अमेरिकेतले मॅसॅच्युसेट्स राज्य. एवढे लिहिले की गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मला त्या एका गुणापाशी थोडे थांबायचे आहे.

नायस्मिथ यांचा जन्म १८६१ चा, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात आल्माँट गावाजवळचा. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. १८७० मध्ये विषमज्वराने दोघेही गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे आजी आणि मामाने वाढवले. शाळा अर्धवट सोडून तो लाकूडतोडीच्या छावण्यांत कामाला गेला आणि काही वर्षांनी परत येऊन शाळेच्या बाकावर बसला. मग माँट्रियलचे मॅकगिल विद्यापीठ, आणि नंतर धर्मशास्त्राचे शिक्षण. धर्मोपदेशक व्हायचे हे ठरलेले होते. पण अंगात रग होती. रग्बी, लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स सगळे खेळायचे. त्या काळच्या धार्मिक मंडळींना ते पसंत नव्हते. एकदा सामन्यात शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल गेला आणि त्याने शिवी हासडली. लगेच वळून तो नायस्मिथ यांची माफी मागू लागला. तू इथे आहेस हे विसरलोच, म्हणाला. नायस्मिथ यांनी त्याला कधी एका शब्दाने टोकले नव्हते. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. व्यासपीठावरून जे सांगायचे ते मैदानावर न बोलताही पोचते, हे त्यांच्या मनाने तिथे घेतले आणि धर्मोपदेशकाची नेमलेली वाट सोडून ते १८९० मध्ये स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्या वाट्याला एक वर्ग आला. अठरा जण, सगळे मोठे बाप्ये, बंद व्यायामशाळेतल्या त्याच त्या कवायतींना विटलेले. आधीच्या दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नायस्मिथ यांना १४ दिवसांची मुदत दिली: छताखाली खेळता येईल असा नवा खेळ तयार करा. त्यांनी अमेरिकन फुटबॉल, सॉकर आणि लॅक्रॉस थोडा फेरफार करून आत खेळवून पाहिले. कधी खेळाडू जायबंदी होत, कधी खेळातली मजाच निघून जाई. मुदत संपत आली.

इथे त्यांनी जे केले ते प्रत्येक शिक्षकाने नीट पाहावे असे आहे. वर्ग वात्रट आहे म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आणि आणखी एक खेळ उचलून त्याची मोडतोडही केली नाही. खेळात माणसाला इजा का होते, याचा त्यांनी मुळापासून विचार केला. चेंडू घेऊन माणूस पळतो, त्याला अडवायला दुसरा अंगावर जातो, आणि मारामारी तिथे सुरू होते. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही असे ठरवले तर? पाडायचे कारणच उरणार नाही. दुसरा प्रश्न गोलाचा. समोर उभा गोल असला की चेंडू जोरात मारावासा वाटतो, आणि जोर आला की इजा आली.

तेव्हा त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा, एकाने तो राखायचा आणि बाकीच्यांनी आपापला दगड मारून तो पाडायचा. नेम चुकला तर राखणाऱ्याने शिवायच्या आत आपला दगड उचलून पळायचे. रागाने भिरकावलेला दगड लांब जाऊन पडे आणि मारणारा हमखास सापडे. हलक्या हाताने कमानीत उडवलेला दगड जवळच पडे. गोल आडवा करून डोक्यावर नेला तर जोर कामाचाच राहणार नाही, हे सुचले ते या आठवणीतून. आपण मुलांना शिकवतो ती शॉटची कमान तिथून आली आहे.

इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्स यांच्याकडे त्यांनी १८ इंची खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, आणि त्या कठड्यामुळे आज जगभर रिंग १० फुटांवर आहे. १३ नियम कार्यालयातल्या मिस लायन्स यांनी टंकून दिले, ते फलकावर लावले गेले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि चेंडू सॉकरचा होता. पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ चा मानतात. विल्यम चेस या विद्यार्थ्याने केलेल्या एकाच बास्केटवर तो १-० असा संपला.

जानेवारी १९३९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात नायस्मिथ यांनी त्या सुरुवातीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली, वर सांगितलेल्या क्रमाशी ती पुरती जुळत नाही. मुलांना चेंडू दिला, टोपल्या दाखवल्या, शिट्टी वाजवली आणि पोरे एकमेकांवर तुटून पडली. लाथा, गुद्दे. एक जण बेशुद्ध, काहींचे डोळे काळेनिळे, एकाचा खांदा निखळलेला. पुरेसे नियम केले नव्हते ही आपली मोठी चूक, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. त्यांना तो खेळ तिथेच बंद करायचा होता, कारण मुले एकमेकांचा जीव घेतील अशी धास्ती बसली होती. पण मुले पिच्छा सोडीनात, पुन्हा खेळू द्या म्हणून. मग त्यांनी नियम वाढवले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे चेंडू घेऊन पळायचे नाही. पुन्हा खेळवून पाहिले तेव्हा एकालाही लागले नाही.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा आठवते. ज्यांनी खेळ शोधला त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. त्यांनी ओरडून तो सावरला नाही. ते बाजूला झाले, विचार केला, नियम बदलले आणि पुन्हा मुलांच्या हातात चेंडू दिला.

ते १३ नियम आपण सलग शेवटचे कधी वाचले? मी पंच असूनही कित्येक वर्षे वाचले नव्हते. दोन पाने आहेत. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे, मारणे यांपैकी काहीही चालणार नाही. दुसऱ्यांदा फाउल केला तर पुढची बास्केट होईपर्यंत बाहेर, आणि मुद्दाम इजा करण्याचा हेतू दिसला तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर, बदली खेळाडूही मिळणार नाही. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले तर समोरच्यांना एक गोल. त्यात पंच दोन आहेत, एकाने चेंडू पाहायचा आणि दुसऱ्याने माणसे. वेळ आहे, १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. प्रशिक्षक मात्र कुठेही नाही.

हे नजरचुकीने राहून गेले असे म्हणता येत नाही. नायस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात लॉरेन्सला आले. तत्पूर्वी डेन्व्हरला राहून ते डॉक्टर झाले होते. कॅन्ससला त्यांच्याकडे प्रार्थनागृह आणि शारीरिक शिक्षण ही दोन्ही कामे होती, आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक ठरले. त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरले जास्त असे ते एकमेव प्रशिक्षक. त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन याला जवळच्या बेकर विद्यापीठाने प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नायस्मिथ यांना नवल वाटले. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, तो फक्त खेळायचा असतो, असे ते त्याला म्हणाले.

ॲलन यांनी ते ऐकले नाही, आणि मी प्रामाणिकपणे म्हणते, बरे केले. कॅन्ससला त्यांनी ३९ हंगाम संघ घडवले. ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ त्यांच्याच हाताखाली खेळले आणि पुढे मोठे प्रशिक्षक झाले. १९२७ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली त्यातही पुढाकार ॲलन यांचाच. आपण सारे त्या परंपरेतले आहोत. पायांची ठेवण, पासचा कोन, बचावात सरकण्याची लय या गोष्टी शिकवाव्याच लागतात, त्या आपोआप येत नाहीत. या मुद्द्यावर गुरूपेक्षा शिष्य बरोबर होता.

पण ॲलन यांच्या काळातही एक मर्यादा होती, ती आपण पार विसरलो. १९१० च्या अमेरिकन नियमांनुसार सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही बाहेरून सूचना द्यायची नाही, असे होते. पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. टाइमआउटमध्ये प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलायची परवानगी तिथे मिळाली ती १९४८-४९ च्या हंगामापासून. म्हणजे या खेळाची पहिली पन्नासहून अधिक वर्षे, चेंडू हातात आल्यावर काय करायचे हे ज्याच्या हातात चेंडू त्यानेच ठरवायचे होते. सराव आठवडाभर करून घ्या, सामना मात्र मुलांचा. आज मी ज्या सामन्यांत उभी असते तिथे पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बाकड्यावरून आवाज येत असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात तर खेळाडूंपेक्षा मोठी माणसेच जास्त बोलतात.

नायस्मिथ यांनी काहीच शिकवले नाही असे कोणाला वाटू नये, म्हणून जॉन मॅक्लेंडन यांच्याबद्दल सांगते. १९३३ मध्ये हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला शारीरिक शिक्षण शिकायला आला. वडिलांनी सांगितले होते, नायस्मिथ यांना गाठ आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असे सांग. त्याने खरोखर तसेच केले आणि नायस्मिथ यांनी त्याला जवळ केले. विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती, कारण कातडीचा रंग. संघात खेळू न शकलेला हा विद्यार्थी नायस्मिथ यांच्याकडे शिकत राहिला आणि पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात त्याने असा वेगवान खेळ बसवला की त्याची छाप आजही खेळावर आहे. टेनेसीच्या संघाला १९५७, ५८ आणि ५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्याने मिळवून दिली.

मला मात्र त्याचा दुसराच सामना जास्त जवळचा वाटतो. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ, डरॅम शहर. गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एकत्र खेळण्याला तिथे बंदी होती. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्यांचा संघ गुपचूप मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आला. दारे आतून लावून घेतली. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर खेळाडूंनी संघ एकमेकांत मिसळले आणि पुन्हा खेळायला उतरले. त्या दुसऱ्या खेळाने कोणाच्याही खात्यात विजय जमा होणार नव्हता. अंगाला अंग न भिडवता दोन्ही संघांनी एकाच जागेत खेळायचे, हे नायस्मिथ यांनी ठरवलेल्या मूळ तत्त्वांपैकी एक. बंद दाराआड त्या मुलांनी ते कुठवर नेले पाहा.

आणखी एक तत्त्व होते: कोणत्याही खेळाडूला कोणत्याही क्षणी चेंडू मिळू शकला पाहिजे. खेळ सुरू होऊन काही आठवडे झाले असतील, शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकांनी विचारले, आम्ही खेळलो तर चालेल का? नायस्मिथ यांना त्यात अडचण वाटली नाही. त्या खेळणाऱ्यांत मॉड शर्मन होत्या, ज्यांच्याशी पुढे त्यांचे लग्न झाले. १८९२ मध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना हा खेळ शिकवायला घेतला. आज मी पंच म्हणून मैदानावर उभी राहते, ती त्या होकारामुळेही.

स्वतःसाठी त्यांनी यातून काही घेतले नाही. खेळाचे पेटंट घेतले नाही. फ्रँक महान या विद्यार्थ्याने ‘नायस्मिथ बॉल’ असे नाव सुचवले तेव्हा ते हसले, असल्या नावाने कोणताही खेळ मरेल म्हणाले. मग महाननेच ‘बास्केट बॉल’ सुचवले. २०१० मध्ये टंकलेली ती दोन पाने लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरना गेली. ज्यांनी ती लिहिली त्यांचे आयुष्य शिक्षकाच्या पगारात ओढाताणीने गेले होते.

१९३६ मध्ये बर्लिनला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये अधिकृत खेळ म्हणून आला. नायस्मिथ यांना तिथे जाता यावे म्हणून अमेरिकेतल्या बास्केटबॉल मंडळींनी पैसे जमवले, आणि त्यात पुढे होते प्रशिक्षकच. ज्यांनी नियमांत प्रशिक्षकाला जागा दिली नव्हती, त्यांच्यासाठी प्रशिक्षकांनी झोळी पुढे केली होती. मला याचा फार अभिमान वाटतो, आपणालाही वाटावा. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर झाला. धो धो पाऊस. चिखलात चेंडू उसळेना, ड्रिबल करणेच अशक्य, पास देतच खेळावे लागले. अमेरिका १९, कॅनडा ८. जन्मभूमी एका बाजूला, कर्मभूमी दुसऱ्या बाजूला, तिसरी मेक्सिको. तिन्ही संघांना पदके नायस्मिथ यांच्या हातून मिळाली. तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, लॉरेन्सला त्यांनी देह ठेवला.

आता माझे मागणे. आठवड्यातून सरावाचा एक तास असा ठेवा की त्यात आपण बोलायचे नाही. चेंडू द्या, बाजूला बसा. पहिल्या तासाला गोंधळ होईल, चुकीचे पास जातील, एखादे मूल सारखे तुमच्याकडे पाहील. त्याने पाहिले की हाताने कोर्टकडे दाखवा. तास संपला की त्यांनाच विचारा, काय बिघडले, कोणता नियम करायला हवा. नायस्मिथ यांनीही मारामारीनंतर तेच केले होते. त्यांचे १३ नियम मराठीत लिहून काढा आणि एकदा मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. एक दिवस त्या नियमांनी खेळवून पाहा, ड्रिबलशिवाय. जोडीदार कुठे उभा आहे हे पाहिल्याशिवाय त्या खेळात पाऊलही टाकता येत नाही.

आणि सामन्यात, निदान लहान गटांत, चेंडू आपल्या मुलाच्या हातात असताना ते पाच सेकंद गप्प राहा. टाइमआउट तुमचाच आहे, मध्यंतर तुमचे आहे. मी पंच म्हणून मुद्दाम सांगते, त्या शांततेत मुले काय करतात हे मी जवळून पाहिले आहे. एकदा एका संघाचे प्रशिक्षक घसा बसल्यामुळे बोलू शकत नव्हते. दुसऱ्या डावात त्यांच्या मुली एकमेकींना नावाने हाका मारू लागल्या. पूर्ण सामन्यात तोवर मला त्यांचे आवाजच ऐकू आले नव्हते.

असा तास कोणी घेणार असेल आणि पंच हवा असेल, तर मला बोलवा. मानधन नको. फक्त माझ्याकडची शिट्टी मी कमीत कमी वाजवीन.

आपली,
एक पंच